वाटखर्चाचा अदमास

खानदेशातील धरणगाव हे कापसाच्या आणि गळिताच्या धान्यांच्या व्यापाराचे जुने गाव. एरंडोलच्या उत्तरेस काही मैलांवर, तापीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीत ते वसले आहे. येथून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे जुन्या मोजणीने अडीचशे मैल पडते. आज एखादे कुटुंब स्वतःच्या मोटारीने हा प्रवास करावयास निघाले म्हणजे आदल्या रात्री घरातील कोणीतरी हिशेब मांडतोच. मोटार एका लिटरला पंधरा किलोमीटर जाते, तेव्हा २७ लिटर पेट्रोल लागेल, लिटरचा भाव शंभर रुपये धरला तर सत्तावीसशे रुपये, परतीचे तितकेच. एक भागाकार, एक गुणाकार, आणि संपले.

दोनशे वर्षांपूर्वी याच गावच्या आडत्याला हाच हिशेब करावयाचा झाला, तर त्याला महिना कोणता हे आधी विचारावे लागे. पाऊस कसा झाला, वाटेवरच्या गावांत ज्वारी कशी पिकली, नद्यांना पाणी किती, अमुक घाटात जादा जोडी मिळते की नाही, हे सारे विचारल्यावाचून त्याच्या तोंडून आकडा निघत नसे. आणि त्याचा अदमास चुकला तर तोटा एकट्या त्याचाच होई असे नाही. वाटेवरच्या मुलखात मीठ कोणत्या भावाने मिळावयाचे, आणि अवर्षणाच्या साली धान्य येऊन पोचावयाचे की नाही, या गोष्टीही त्याच गणितात बसलेल्या होत्या.

त्या काळचे इंधन म्हणजे वैरण. बैलाचे पोट ही मोटारीच्या टाकीप्रमाणे एकदा भरून विसरण्याजोगी वस्तू नव्हे. ती रोज भरावी लागते, आणि बैल उभा राहिला तरी रिकामी होते. राबणाऱ्या बैलाला दिवसाकाठी आठ-दहा किलो कोरडा कडबा आणि वर किलो-दोन किलो सरकी किंवा पेंड लागते, असे साधारण मान धरण्यास हरकत नाही. ओझ्याची गाडी दिवसास बारा मैल चालते असे धरले, तर धरणगाव ते मुंबई एकवीस मुक्काम झाले. एका जोडीला रोज अठरा किलो कडबा, तेव्हा एकवीस दिवसांचा ३७८ किलो. आता मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५६ किलोची होती. जाण्याच्या वाटेवरच बैलजोडी एका खंडीहून अधिक वजनाचे इंधन खाऊन टाकीत असे. जाऊन-येऊन हा आकडा साडेसातशे किलोंवर जातो. आणि पक्क्या रस्त्यावरही दोन बैलांची गाडी दीड-दोन खंडींहून फारसे अधिक ओझे ओढीत नसे. गाडीवानाने साऱ्या प्रवासाची वैरण बरोबर घेतली असती तर गाडीत कापूस ठेवण्यास जागाच उरली नसती!

सारांश, बैलाने चालणाऱ्या वाहनाला आपले इंधन आपल्याबरोबर नेता येत नाही. ते वाटेनेच पुरवावे लागते. रेल्वेपूर्वीच्या साऱ्या वाहतुकीचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

ही अडचण सोडविण्याचे दोन मार्ग होते. पहिला धनिकांचा. जाँ बातिस्त ताव्हर्न्ये हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला आणि सुरत-बऱ्हाणपूर या वाटेचे त्याने टप्प्याटप्प्याने वर्णन केले आहे. नंदुरबार, थाळनेर, चोपडे ही खानदेशातील नावे त्यात येतात. तो म्हणतो की, प्रवासाच्या गाडीचे भाडे रोजचे साधारण एक रुपया पडे, आणि सुरतेहून आग्र्यापर्यंतच्या पस्तीस-चाळीस दिवसांच्या वाटेला एकंदर चाळीस ते पंचेचाळीस रुपये लागत. अंतर बदलले तरी दराचे प्रमाण हेच. म्हणजे आज ज्याला आपण किलोमीटरचा दर म्हणतो, तो तेव्हा दिवसाचा दर होता. कारण गाडीवानाचा खर्च अंतराने वाढत नसून दिवसाने वाढत होता. ताव्हर्न्येने स्वतःसाठी मात्र सुमारे सहाशे रुपयांची निवडक जोडी घेतली होती. हे बैल दुडक्या चालीने लांबलांबच्या मजला मारीत. अर्धी मजल झाली की प्रत्येकाला गव्हाच्या पिठाचे, लोणी-तूप आणि गूळ घालून मळलेले दोन-तीन गोळे चारीत. आणि संध्याकाळी भरडून अर्धा तास भिजविलेले हरभरे. हे खाद्य थोड्या वजनात पुष्कळ बळ देणारे, म्हणून बरोबर नेता येण्याजोगे. खानदेशातल्या सामान्य कुणब्याच्या मुलांना जे सणावारी मिळावयाचे, ते या बैलांना रोज मिळत होते, हे सांगितले म्हणजे असल्या प्रवासाची किंमत वेगळी सांगावयास नको.

दुसरा मार्ग वंजाऱ्यांचा, म्हणजे लमाणांच्या तांड्यांचा. दहा-बारा हजार बैल एका वाटेने चालले आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तीनशे ते साडेतीनशे फ्रेंच पौंडांचे ओझे आहे, हे दृश्य पाहून ताव्हर्न्ये चकित झाला. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की गाड्यांना तो जाईपर्यंत दोन-दोन तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. (त्या दोन-तीन दिवसांचा चारा कोणाच्या खाती, यावर गाडीवान आणि व्यापारी यांची बाचाबाची झाली नसेल तरच नवल.) आता बारा हजार बैलांना दहा किलोंप्रमाणे कडबा विकत घ्यावयाचा म्हटले तर रोजचा १,२०० क्विंटल झाला. कोणत्या गावाने तो द्यावा आणि कोणत्या नायकाने त्याची किंमत मोजावी? तांडा कडबा विकत घेतच नसे. पीटर मुंडी या इंग्रज कारकुनाने १६३२ च्या सुमारास उत्तरेकडे असा एक चौदा हजार बैलांचा तांडा पाहिला. त्याने बारकाईने नोंदले आहे की, हे लोक दिवसास सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहीत, तेही थंड वेळी. ओझी उतरली की बैल चरावयास सोडतात. आणि माळराने भरपूर असून त्यांना कोणी मनाई करीत नाही.

या तीन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. तांडा हळू चालतो याचे कारण आळस किंवा ओझे हे नसून, उरलेला दिवस चरण्यासाठी हवा असतो. मजल बैलाच्या पोटाने ठरत होती. वंजाऱ्याचा दर इतर कोणाहूनही स्वस्त असे, कारण त्याच्या हिशेबात इंधनाचा रकाना जवळजवळ कोरा होता. गायराने, पडीक जमिनी, नदीकाठची कुरणे ही त्याची विनामूल्य पेठ होती. परतीची वाटही तो रिकामी करीत नसे. धान्य किंवा कापूस खाली उतरवावयाचा, आणि कोकणपट्टीतील मिठागरांचे मीठ वर न्यावयाचे. मीठ किनाऱ्यावर मातीमोल. खानदेश-वऱ्हाडात पोचेपर्यंत त्याच्या किमतीत वाहतुकीचाच भाग मोठा होई. तेव्हा खानदेशातील गृहिणीच्या मिठाच्या बरणीत घाटमाथ्यावरच्या गवताचा हिशेब होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु कोऱ्या रकान्याचा एक मोठा धोका असतो. जे फुकट मिळते ते नाहीसे झाले म्हणजे त्याला भावच उरत नाही. हा धोका किती भयंकर होता, ते १६३० साली दिसून आले. त्या वर्षी गुजराथेत, खानदेशात आणि दक्षिणेत पाऊस पडला नाही. मुंडी याच साली, नोव्हेंबराच्या सुमारास, सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडे या वाटेने बऱ्हाणपुरास गेला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते, ओस पडलेली गावे, आणि जनावरांच्या शेणातून दाणे वेचणारी माणसे त्याने पाहिली. बऱ्हाणपुरास त्या वेळी शहाजहान बादशहाचा मुक्काम होता; दक्षिणेच्या मोहिमेसाठी मोठी फौज तेथे जमली होती. उत्तरेकडून वंजाऱ्यांनी जे धान्य आणावे ते प्रथम त्या छावणीच्या वाट्याला जाई. छावणी पैसा देऊ शकत होती, आणि तिच्याकडे जाणारी वाट सरकारच्या ताब्यात होती. पुढे, तापीच्या काठाने खाली, गवत नाही, पाणी नाही आणि विकत घ्यावयास कडबाही नाही, अशा मुलखात दहा हजार बैल घेऊन कोण शिरणार? शंभर कोसांवर धान्य असते, त्याला गिऱ्हाईकही असते, पण मधल्या वाटेवर बैलाला तोंड घालावयास काडी नसते. आणि मग शंभर कोस हे हजार कोसांसारखे होतात. दुष्काळात अन्नाच्या आधी वाहतूक मरते, ही गोष्ट बखरींत आणि तवारिखांत सहसा लिहिलेली आढळत नाही, कारण लिहिणारे लोक पालखीत किंवा घोड्यावर असत.

खानदेशाने हा अनुभव पुन्हा घेतला तो १८०३-०४ साली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा प्रांत उजाड केला होता, आणि त्यावर पाऊसही गेला. त्याच वेळी आर्थर वेलस्ली अजिंठा-असईच्या परिसरात इंग्रजी फौज घेऊन फिरत होता. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. या सेनापतीच्या पत्रव्यवहारात तोफा-बंदुकांइतकीच बैलांची आणि वंजाऱ्यांची काळजी दिसते. चांगले बैल आणि त्यांना चारा असल्यावाचून फौज वेगाने हलत नाही, हे त्याने हिंदुस्थानात पुरते ओळखले होते. फौजांनी वंजारी आपल्याकडे ओढावेत आणि रयतेने वाट पाहत बसावे, हा प्रकार शहाजहानच्या काळापासून चालत आलेला.

आता पुन्हा धरणगावाकडे वळावे. १६७४ साली इंग्रजांची वखार येथे होती. येथील कापड त्या काळी नावाजलेले होते आणि ते सुरतेच्या बंदरास जाई. सुरत येथून सुमारे ३०० किलोमीटर. वखार घातल्यावर वर्षभरातच, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटले. १६७९ मध्ये पुन्हा. आणि १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत गाव लुटून जाळले गेले. व्यापाऱ्याच्या वहीत या गोष्टी वाटखर्चातच मोडत. वैरणीच्या खालोखाल मोठी रक्कम असे ती रखवालीची. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून उतरणाऱ्या टोळ्यांची धास्ती पेशवाईच्या अखेरीस इतकी वाढली होती की, सोबत हत्यारबंद माणसे घेतल्यावाचून कोणी गाडी जुंपीत नसे. ती माणसे जेवत, त्यांची घोडी चंदी खात, आणि हा सगळा बोजा कापसाच्या डोकड्यांवर पडे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसला. १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगावासच भिल्लांची पलटण उभारली. ज्या लोकांच्या भीतीने रखवाली ठेवावयाची, त्याच लोकांना पगार देऊन रखवालीवर नेमण्याची ही युक्ती होती. औट्रमची शौर्यकथा पुष्कळांनी सांगितली आहे. भिल्लांच्या हातून गेलेल्या जंगलांची कथा मात्र तितक्या आवडीने सांगितली जात नाही. असो. रस्ते निर्धास्त झाले आणि वाटखर्चातील एक रकाना हलका झाला, एवढे येथे पुरे. पुढे वाटेवरच्या नाक्यानाक्याच्या जकातीही १८३० ते १८४० या दशकात उठल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई-आग्रा रस्ता गाड्यांना जाण्याजोगा झाला. लादणीच्या बैलांची जागा हळूहळू गाड्या घेऊ लागल्या, आणि हिशेबाचे स्वरूप पालटले. लादणीचा बैल माळावरून, शेताच्या बांधावरून, जेथे गवत तेथून जातो. गाडीला रस्ता सोडता येत नाही. शेकडो गाड्या एकाच रस्त्याने जाऊ लागल्या, तेव्हा कडेचे गवत पहिल्या आठवड्यातच संपे आणि पुढे वैरण विकतच घ्यावी लागे. मुक्कामाच्या गावी कडब्याच्या गंजी लावून बसणारा दुकानदार हा त्या काळचा पेट्रोलपंपवाला. पारोळे, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी, हे टप्पे म्हणजे वैरणीच्या भावाचे टप्पे होते, आणि ते भाव एकमेकांशी जुळत नसत.

धरणगावहून निघालेल्या गाडीची वाट एरंडोलवरून पारोळ्याला, तेथे बोरी नदी. मग धुळ्यास पांझरा, मालेगावास गिरणा आणि मोसम. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे कोरडी, पण वाळूत चाक रुतले म्हणजे दुसऱ्याची जोडी लावून गाडी काढावी लागे, आणि त्याला पैसा पडे. चांदवडच्या अलीकडे राहूड घाट चढावा लागतो. पुढे थळ घाट. तो जाताना उतरण आणि येताना चढण. परतीला मीठ, खजूर, नारळ भरलेली गाडी चढवावयाची तेव्हा जादा जोडी हवीच. खाली भिवंडी-कल्याणच्या खाडीवर माल होड्यांत चढे. या प्रवासात आखाला ओंगण घालावे लागे. बैलांच्या पत्र्या झिजल्या तर नव्या ठोकाव्या लागत. धाव सैल झाली तर लोहार शोधावा लागे. अनुभवी गाडीवान भाडे ठरविताना या बारीकसारीक गोष्टी मोठ्याने बोलून दाखवी. नवशिका फक्त मजला मोजी आणि घरी परत येताना एक बैल विकून येई.

ऋतूचे गणित तर सर्वांत नाजूक. खानदेशात कापसाची वेचणी कार्तिक-मार्गशीर्षात सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चाले. त्याच सुमारास ज्वारी-बाजरीची मळणी होऊन कडबा मोकळा होई. पौष-माघात निघालेल्या गाडीला कडबा स्वस्त आणि ओढ्यांना पाणी. चैत्र-वैशाखात निघालेल्या गाडीला तोच कडबा महाग, विहिरी आटलेल्या, आणि बैल उन्हाने खंगलेले. शिवाय मृगाच्या आत मुंबई गाठलीच पाहिजे, नाहीतर भिजलेल्या कापसाची किंमत ती काय? ज्या शेतकऱ्याला सावकाराचा तगादा असे तो आपला कापूस लवकर विकून मोकळा होई. जो व्यापारी भाव वाढण्याची वाट पाहत माल धरून ठेवी, त्याची वाढलेली कमाई पुष्कळदा वैशाखातल्या वैरणीत जिरून जाई.

एका बाबतीत मात्र खानदेशच्या गाडीवानावर निसर्गाची कृपा होती. बोंडातून निघालेल्या कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा. उरलेली दोन तृतीयांश सरकी. एका खंडी रुईमागे सातशे किलोंच्या आसपास सरकी मागे राहते. जोडीला रोज चार किलोंप्रमाणे चाळीस दिवसांची सरकी १६० किलो होते. म्हणजे ज्या कापसाने गाडी भरली, त्याच कापसाच्या सरकीच्या चौथ्या हिश्श्यात बैलांच्या आंबोणाचा सगळा खर्च भागत असे. गाडीतला मालच गाडी ओढणाऱ्याला पोसतो, असा योग इतर पिकांत क्वचितच येतो. याच सुमारास सरकारने अमेरिकन धर्तीची सरकी काढण्याची यंत्रे धरणगावात बसवून पाहिली. आखूड धाग्याच्या देशी कापसाला करवतीदार यंत्रे मानवत नाहीत, आणि हा कारखाना पुढे बंद पडला. पण गावात यंत्राचा आवाज प्रथम आला तो या निमित्ताने.

इंग्लंडातील कापड-गिरणीवाल्यांना या वैरणीच्या हिशेबाची फार काळजी पडली होती. १८४८ साली पार्लमेंटने हिंदी कापसाच्या चौकशीसाठी कमिटी नेमली. जॉन ब्राइट तिचा अध्यक्ष होता. जॉन चॅपमन या गृहस्थाने जी. आय. पी. रेल्वेची योजना पुढे रेटली आणि १८५१ मध्ये हिंदुस्थानच्या कापसावर ग्रंथ लिहिला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलावरून मुंबईस येईपर्यंत खर्च किती वाढतो आणि माल किती खराब होतो, हाच त्याच्या प्रतिपादनाचा कणा होता. बैलाच्या पोटाचा हिशेब मांडूनच आगगाडीचे भांडवल उभे राहिले, असे म्हणावयास हरकत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचा भाव गगनाला भिडला. त्या चार वर्षांत वाटखर्चाकडे कोणी पाहिलेच नाही. कुणब्याने नांगराचे बैल सोडून गाडीला जुंपले, कारण भाडे शेतीहून अधिक मिळू लागले होते. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध थांबून भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला. खानदेशात लांब पल्ल्याचे गाडीभाडे बुडाले. पहिल्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याची हकीकत लिहावयास गाडीवानांपैकी कोणाला लिहिता येत नव्हते.

रेल्वेने बैलगाडी संपविली, ही समजूत मात्र चुकीची आहे. वीस मुक्कामांची वाट एका-दोन मुक्कामांवर आली एवढेच. स्टेशनापर्यंतचा पल्ला बैलाकडेच राहिला, आणि एवढ्याशा पल्ल्यासाठी वैरण गाडीत नेता येत होती. वाटेवर वैरण शोधण्याचा प्रश्न सुटला तो असा, अंतर तोडून.

धरणगावास स्वतःची रेल्वे मिळाली ती तापी खोऱ्याच्या मार्गामुळे, १९०० च्या सुमारास. सुरतेकडून अमळनेर आणि पुढे जळगाव. योग असा की हा काळ छप्पन्नच्या दुष्काळाचा होता. संवत १९५६ म्हणून ते नाव पडले. या खेपेस परगावचे धान्य आगगाडीने आले. १६३० ची पुनरावृत्ती धान्यापुरती टळली. तरीही ज्यांच्या हाती मजुरी नव्हती ती माणसे मेलीच. चाऱ्याचे मात्र जुनेच दुखणे उघडे पडले. कडबा आणि गवत या हलक्या पण अवजड वस्तू. एका डब्यात मावणारे धान्य गावभर पुरते, पण एका डब्यात मावणारे गवत एका आळीच्या जनावरांनाही पुरत नाही. सरकारी जंगलांतील गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून पाठविण्यात आले, तरी गुजराथेत आणि खानदेशात गुरे अपरंपार मेली. माणसांसाठी दाणे रेल्वेने आले आणि पुढच्या पावसात नांगर ओढावयास बैल उरले नाहीत. रुळांच्या शेजारीच हे घडले.

मोटार आली आणि इंधनाचे वजन प्रथमच नगण्य झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात खासगी मोटारी आणि लॉऱ्या तालुक्यातालुक्यांतून धावू लागल्या. पेट्रोल डब्यांतून मिळे. हिशेब गॅलनचा आणि मैलांचा. मोटार भरेपर्यंत सुटावयाची नाही, हा नियम सर्वत्र सारखा; पेट्रोल तितकेच जळावयाचे, तेव्हा दहा उतारूंचा खर्च सहांवर कोण लादून घेईल? रेल्वेच्या उत्पन्नाला या मोटारींचा धक्का बसला, म्हणून मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांनी चौकशी करून १९३३ साली अहवाल दिला. १९३९ मध्ये मोटार कायदा झाला. आणि लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले.

१९४१ पासून पेट्रोलला नियंत्रण लागले. कुपनाशिवाय पेट्रोल नाही, आणि कुपने मोजकी. ब्रह्मदेश पडल्यावर तर तेलाची टंचाई अधिकच वाढली. मग मोटारीच्या पाठीमागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी बसली, तीत लाकडी कोळसा पेटू लागला, आणि त्याच्या धुरातून निघणाऱ्या वायूवर गाड्या धावू लागल्या. एका गॅलन पेट्रोलचे काम करावयास पाच-सात किलो कोळसा लागे. निघण्यापूर्वी भट्टी पेटवून वारा घालीत बसावयाचे, वाटेत गाळणी साफ करावयाची, चढण आली की जोर अपुरा पडून उतारूंनी खाली उतरावयाचे, आणि कोळशाची पोती टपावर. पुन्हा मुक्कामामुक्कामाला इंधन शोधणे आले. पुन्हा जंगल आले. कोळसा ओला निघाला तर गाडी वाटेतच बसे. आडत्याचा पणजोबा उठून आला असता तर त्याला हा हिशेब ओळखीचा वाटला असता, फक्त कडब्याच्या जागी कोळसा.

युद्ध संपले. मुंबई राज्याच्या सरकारी मोटारी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाल्या आणि ठरावीक भाड्याची, ठरावीक वेळी सुटणारी मोटार खेड्यांच्या वाट्याला येऊ लागली. उतारूला आता इंधनाचा विचार करण्याचे कारण उरले नाही. तो विचार त्याच्या वतीने कचेरीत होऊ लागला. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा तिकडे पुन्हा थोडे लक्ष गेले इतकेच.

ज्यांना आजही अदमास काटेकोर हवा असतो ते कारखान्याने छापलेला आकडा न धरता टाकी काठोकाठ भरून निघतात, शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा काठोकाठ भरतात, आणि दुसऱ्यांदा किती लिटर मावले त्याने अंतराला भागतात. राहूडचा चढ, कसाऱ्याचा घाट, टपावरचे सामान आणि भिवंडीजवळचा खोळंबा हे सारे त्या एका भागाकारात आपोआप येते. जाताना थळ घाट उतरावयाचा असतो आणि येताना चढावयाचा, म्हणून एका बाजूच्या खर्चाची दुप्पट करून परतीचा हिशेब बरोबर येत नाही, हे गाडीवानांना ठाऊक होते. मोटारवाल्यांपैकी अजून पुष्कळांना ते घाटातच कळते.

धरणगावहून दहा टन माल घेऊन मुंबईस जाणारी मालमोटार लिटरला चार किलोमीटर गेली, तर तिला १०० लिटर डिझेल पुरते. त्याचे वजन सुमारे ८३ किलो. जाऊन-येऊन १६६. सगळे चाकांमधल्या एका टाकीत मावते, आणि वाटेवरच्या कोणत्याही गावाला तिच्यासाठी गवत वाढवावे लागत नाही. सरकी आता बैलाच्या पुढ्यात जाण्यापूर्वी तेलाच्या गिरणीत जाते. मागे राहिलेली पेंड दुभत्या म्हशी खातात.